बोआच्या वेतात पिल्लं मेलेली निघाली तर: सोलापूरकडून सारखे येणारे प्रश्न

जून-जुलै लागला की बोआ (अजगरासारखा दिसणारा परदेशी साप) पाळणाऱ्यांचे मेसेज वाढतात, फोटो येतात, फोटोत पेपरवर पसरलेली पिल्लं असतात आणि खाली लिहिलेलं असतं "दादा हे काय झालं". प्रत्येकाला वेगवेगळं लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी टाकतोय. आत्ता या क्षणी तुमची फीमेल व्यायला लागली असेल तर बाकी सोडा, थेट प्रश्न ३ वाचा.

१. साप तर अंडी घालतो ना? मग बोआची पिल्लं "मेलेली जन्मली" म्हणजे काय?

अजगर, नाग, धामण हे अंडी घालतात. बोआ घालत नाही, ती पिल्लं पोटातच वाढवते आणि जिवंत पिल्लांना जन्म देते. आपली घोणस पण तशीच, मांडूळ पण तसंच. त्यामुळे बोआच्या बाबतीत इन्क्युबेटर वगैरे काही नसतं, फीमेलचं शरीर हाच इन्क्युबेटर, आणि ती जिथं बसलीय तिथलं टेंपरेचर तेच पिल्लांना मिळतं. ओव्ह्युलेशननंतर (पोटात बीजांडं सुटल्यावर) ती एकदा कात टाकते, त्या कातेपासून साधारण १०० ते १२० दिवसांत ती व्यायला पाहिजे, म्हणून त्या कातेची तारीख लिहून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. एका वेताला १०-२५ पिल्लं नेहमीची, मोठ्या फीमेलला याच्या दुप्पटही होतात. पूर्ण वाढ झालेलं, रंग-नक्षी आलेलं पिल्लू बाहेर येतं पण त्यात जीव नसतो, त्याला मेलेलं जन्मलेलं म्हणायचं. अर्धवट वाढलेलं, डोळे मोठे आणि अंग पांढुरकं असं निघालं तर ते मध्येच कधीतरी थांबलेलं. दोन्हीत फरक आहे आणि कारण शोधताना तो लागतो.

२. नुसते पिवळे गोळे निघालेत. ही पिल्लंच मेली का?

नाही. त्याला स्लग म्हणतात, ते न फळलेलं बीजांड. हळदीसारखा पिवळा ते तपकिरी रंग, बोटानं दाबलं तर ओल्या साबणासारखं घट्ट लागतं, आत पिल्लू नसतं. दहा-बारा पिल्लांसोबत तीन-चार स्लग निघाले तर त्यात काळजीचं काही नाही, चांगल्या वेतातही निघतात. सगळेच्या सगळे स्लग निघाले तर मेलचं (नराचं) बीज कमी पडलं, किंवा मेल वेळेवर लागला नाही, किंवा फीमेल तयारच नव्हती असं समजा. त्याचा उन्हाशी किंवा तुमच्या सांभाळण्याशी फार संबंध नसतो. फोटो पाठवताना एक स्लग ब्लेडनं मधून कापून पाठवा म्हणजे लगेच सांगता येतं, कारण पुष्कळ वेळा लोक ज्याला स्लग म्हणतात त्यात छोटा भ्रूण असतो.

३. पिल्लू पिशवीतच आहे, हलत नाहीये. मेलं का? काय करू?

घाई नको पण उशीर पण नको. बोआचं पिल्लू पातळ पारदर्शक पिशवीत येतं आणि नाकानं ढकलून ती फोडतं. ज्याच्यात ताकद कमी असते ते आतच गुदमरतं, म्हणजे जे जगलं असतं ते फक्त पिशवी न फुटल्यामुळे जातं.

हात स्वच्छ धुवा, बोटानं किंवा बोथट चिमट्यानं पिशवी तोंडाजवळ फाडा, नाकातोंडावरचं पाणी ओल्या मऊ कपड्यानं पुसा. मग पिल्लू पोटाकडून उजेडात धरा. डोक्यापासून साधारण एक चतुर्थांश लांबीवर, पोटाच्या खवल्यांखाली बारीक धडधड दिसते, ते हृदय. खूप सावकाश चालतं, म्हणून एक पूर्ण मिनिट नजर हटवू नका. धडधड दिसली की पिल्लू ओल्या टिश्यू पेपरवर, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात, २८-३० डिग्रीला ठेवा आणि पाठीवरून हलका हात फिरवा. काही पिल्लं अर्ध्या-पाऊण तासानं पहिला मोठा श्वास घेतात. धडधड नाही, अंग लिबलिबीत झालंय, डोळे आत गेलेत, वास यायला लागलाय, तर ते गेलंय.

नाळ आणि पोटाला लागलेलं पिवळं बलक ओढायचं नाही. हे परत परत सांगतोय कारण हौसेनं "साफ" करायच्या नादात जिवंत पिल्लं रक्त जाऊन मरतात. बलक एक-दोन दिवसात आत जिरतं, नाळ आपोआप सुकून पडते.

४. मालक, मी सगळं बरोबर केलं होतं, तरी असं का झालं?

एकच कारण क्वचित असतं. आधी काय निघालं ते बघा, त्यावरून दिशा कळते.

पूर्ण वाढलेली बरीच पिल्लं एकदम मेलेली निघाली तर शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात काहीतरी बिनसलंय. आपल्याकडे पहिला संशय उन्हावर (प्रश्न ५). दुसरा संशय फीमेलच्या कळा लांबण्यावर, म्हणजे व्यायला सुरुवात करून ती मध्येच थांबली, पुढचं काही अडकलं आणि मागची पिल्लं आत गुदमरली.

अर्धवट वाढलेली वेगवेगळ्या आकाराची निघाली तर मधल्या काळातले टेंपरेचरचे झटके, आजार (प्रश्न १२), किंवा जवळच्या नात्यातलं ब्रीडिंग. भाऊ-बहीण लावायची पद्धत मॉर्फवाल्यांच्यात (वेगळ्या रंग-नक्षीचे साप काढणाऱ्यांच्यात) लई आहे, रंग लवकर हातात येतो म्हणून, पण दोन-तीन पिढ्या तेच केलं की पाठीला बाक, डोळाच नाही, अशी पिल्लं यायला लागतात आणि मेलेल्यांचं प्रमाण वाढतं.

फीमेलची तब्येत पण बघा. पहिलारू फीमेल, त्यातून कमी वयाची, तर पहिल्या वेतात नुकसान होणं नवीन नाही. माझ्या मते चार वर्षं पूर्ण होईपर्यंत तिला मेल दाखवूच नये, लोक अडीच वर्षाच्या फीमेलला भरपूर चारून वजन करतात आणि लावतात, ते चुकीचंच आहे. नुसतं वजन म्हणजे तयारी नव्हे. उलट चरबी चढलेल्या फीमेलला वेत जड जातं.

आणि हे पण ऐका: सगळं बरोबर करूनही काही वेळा होतं. रानातही सगळी पिल्लं जगत नाहीत.

५. थर्मोस्टॅट ३२ ला लावलाय. मग बाहेर कितीही ऊन असू दे, काय फरक पडतो?

इथंच सगळ्यात जास्त गडबड होते. थर्मोस्टॅट फक्त हीट मॅट (टबाखालची ऊब देणारी चटई) बंद करतो, खोली थंड करत नाही. खोलीच ३७ झाली तर थर्मोस्टॅट आपला बंद होऊन बसतो आणि फीमेल ३७ मध्ये शिजत राहते.

आता आपलं वेळापत्रक बघा. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला रात्री गार होतात, मेल-फीमेल लागतात. फेब्रुवारी-मार्चला ओव्ह्युलेशन. म्हणजे एप्रिल, मे, जून हे गाभणपणाचे मुख्य महिने, आणि नेमकं तेव्हाच सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पुस्तकी माहिती बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली, त्यांची सगळी धडपड सापाला ऊब कशी द्यायची यासाठी, आपली अडचण बरोबर उलटी.

गाभण बोआला एका टोकाला ३१-३२ ची उबदार जागा लागते आणि दुसऱ्या टोकाला २६-२८ ची गार. ती स्वतः सरकून सरकून आपलं टेंपरेचर राखते. उन्हाळ्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोलीत ही गार बाजूच उरत नाही. टब इकडून तिकडे सगळा सारखाच तापतो आणि तिला सरकायला जागाच राहत नाही. ३५ च्या वर रोज चार-पाच तास असं राहिलं तर आई तगते, पोटातलं तगत नाही.

म्हणून थर्मामीटर उबदार बाजूला लावून उपयोग नाही, तो गार बाजूला लावा, तोही मिनिमम-मॅक्झिमम दाखवणारा डिजिटल, प्रोब फीमेल बसते त्या उंचीवर. दुपारी तुम्ही कामावर असताना किती गेलं होतं ते संध्याकाळी कळतं. काचेवर चिकटवायचा गोल काट्याचा मीटर फेकून द्या.

६. एसी परवडत नाही. मग ब्रीडिंग करूच नये का?

एसी नसला तरी जमतं, पण खोली नीट निवडावी लागते. खालचा मजला, पश्चिमेची भिंत नसलेली खोली, वर दुसरा मजला असेल तर उत्तम. जुन्या गावभागातल्या जाड दगडी भिंतींच्या घरात दुपारी जो गारवा असतो तो नवीन कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये नाही मिळत.

आपली हवा कोरडी, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर एप्रिल-मेमध्ये चांगला चालतो आणि बोआला लागणारा ओलावाही देतो. कूलरचा झोत थेट टबवर नको, खोलीत सोडा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. लपायला मातीचं मडकं अर्धं कापून पालथं घाला आणि दुपारी त्यावर पाणी शिंपडा, त्याखाली दोन-तीन डिग्री सहज उतरतात. फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली गोठवून, कपड्यात गुंडाळून टबच्या बाहेरच्या बाजूला टेकवा, आत टाकू नका. लाइट गेली की काय, याची सोय आधी करा: इन्व्हर्टरवर निदान पंखा आणि कूलरचा पंप चालला पाहिजे. हीट मॅट एप्रिलपासून दिवसा बंदच राहू दे, पहाटे गरज लागली तर.

एवढं करूनही तुमच्या खोलीची गार बाजू मेमध्ये ३१ च्या खाली राहत नसेल तर यंदा मेल लावू नका. आदल्या उन्हाळ्यात रिकाम्या टबमध्ये मीटर ठेवून बघा, खर्च काही नाही, आणि खोलीचं खरं काय ते कळतं.

७. वेत झालं, जवळजवळ सगळी मेली. फीमेलचं आता काय करू?

सगळं लक्ष आता तिच्यावर. मेलेली पिल्लं, स्लग, पिशव्या सगळं बाहेर काढा (टाकू नका, प्रश्न १० बघा), टब धुवा, कोरडे स्वच्छ पेपर घाला, मोठ्या भांड्यात कोमट पाणी ठेवा आणि तिला दोन दिवस सोडा. हातात घेऊन कुरवाळायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. व्यायल्यावर तिची पाठ उतरते, कातडी सैल पडते, कणा दिसतो, ते बघून लोक घाबरून मोठा उंदीर देतात आणि ती तो ओकून टाकते. आठ-दहा दिवसांनी नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य, ते पचलं की आठवड्यानं परत तेवढंच, असं हळूहळू वाढवा. कात टाकेपर्यंत काही फीमेल खात नाहीत, पाणी पीत असेल तर थांबा.

वजन मात्र दर आठवड्याला लिहा. किराणा दुकानातला डिजिटल काटा चालतो.

८. तिनं मेलेलं पिल्लू गिळलं! ती पिल्लं खाणारी निघाली का? जिवंत पण खाईल का?

शांत व्हा, हे नैसर्गिक आहे. रेनबो बोआ आणि काही रॅटलस्नेक यांच्या बाबतीत अभ्यासकांनी हे नोंदवलंय, आई स्लग आणि मेलेली पिल्लं खाते, गेलेली ताकद थोडी भरून काढते. जिवंत, हलतं पिल्लू ती सहसा सोडून देते. तरी पिल्लं लवकर वेगळी काढा, कारण गर्दीत तिच्या अंगाखाली दबूनही जातात. आजाराचा संशय असेल तर मात्र मेलेलं तिला खाऊ देऊ नका.

९. व्यायली पण पोटात अजून गाठ लागतेय. आपोआप निघेल का?

कधी निघते, कधी नाही, आणि इथं वाट बघत बसणं फीमेलच्या जिवावर येतं. कळा देऊन देऊन थांबली आणि चोवीस तास उलटले, मागचा भाग फुगलाय, घाण वासाचा स्राव येतोय, किंवा ती तोंड उघडं टाकून पडलीय, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. पोट दाबून गाठ बाहेर ढकलायचा प्रयत्न अजिबात नको, आत फाटतं.

सोलापुरात पेट क्लिनिकमध्ये कुत्र्यांसाठी सोनोग्राफी आणि एक्स-रे असतो, तोच सापाला चालतो. सोनोग्राफीत हृदय चालू असलेलं पिल्लू दिसतं, एक्स-रेत पूर्ण दिवसांच्या पिल्लाचा सांगाडा दिसतो. डॉक्टरांना साप हाताळायची सवय नसेल तर तुम्ही धरा, ते मशीन चालवतील. बरेच डॉक्टर नाही म्हणतात ते भीतीपोटी, म्हणून फीमेल गाभण असतानाच, गरज नसताना एकदा जाऊन ओळख करून ठेवा. गाई-म्हशीला देतात ते कळांचं इंजेक्शन सापावर तितकं लागू पडत नाही आणि पिल्लू आडवं अडकलं असेल तर नुकसानच करतं, त्यामुळे मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका.

१०. मेलेल्या पिल्लांचं पोस्टमॉर्टेम करून काय मिळणार? आणि करायचं कुठं?

मिळतं हे की पुढच्या वेळी अंदाजानं चालावं लागत नाही. निदान दोन-तीन पिल्लं तरी द्या, त्यातलं एक अर्धवट वाढलेलं.

पिल्लं फ्रीजरमध्ये नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, दोन पिशव्यांत बांधून, खाण्यापासून लांब. गोठवलं की पेशी फुटतात आणि तपासणीत काही दिसत नाही. एक दिवसाच्या आत पोचवा, पोचवणं शक्य नसेल तर डॉक्टरकडून पोट उघडून घेऊन १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवा. आपल्या बाजूनं माफसूची (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) व्हेटर्नरी कॉलेजं शिरवळला आणि उदगीरला आहेत, परळचं मुंबई व्हेटर्नरी कॉलेज पण त्यांच्याचकडे. आधी पॅथॉलॉजी विभागाला फोन करून सापाचा नमुना घेतात का आणि कसा पाठवायचा ते विचारा, मग निघा. सोबत कागद द्या: शेवटची कात, व्यायल्याची तारीख, किती जिवंत, किती मेली, किती स्लग, रोजचं टेंपरेचर. हा कागद नसेल तर तपासणारा पण हातच टेकणार.

११. पिल्लं पुरायची कुठं?

स्वतःच्या जागेत, विहीर-बोअरपासून लांब, दोन-तीन फूट खड्डा, खाली-वर चुना. उथळ पुरलं तर कुत्री उकरतात. तलावात किंवा नाल्यात सोडायचं नाही, घंटागाडीत उघडं टाकायचं नाही. जागा नसेल तर महापालिकेच्या जनावरांच्या विल्हेवाटीची चौकशी करा किंवा तुमच्या डॉक्टरांकडे द्या. हात साबणानं धुवा, सापाच्या अंगावर साल्मोनेला असतो, घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला या सगळ्यापासून लांब ठेवा.

१२. आजारामुळे असं होऊ शकतं का? बाकीच्या सापांना धोका?

होऊ शकतं. बोआमध्ये सगळ्यात वाईट तो आयबीडी (इन्क्लूजन बॉडी डिसीज), त्यामागे अरिनाव्हायरस नावाचा विषाणू आहे हे २०१२ मध्ये समोर आलं. आईकडून पिल्लांत जातो, आणि बोआ वर्षानुवर्षं धडधाकट दिसत असूनही तो वाहू शकते. मान वाकडी होणं, उलटं पडलं की सरळ न होणं, खाल्लेलं ओकणं ही लक्षणं. यावर औषध नाही. माइट्स, म्हणजे अंगावरच्या बारीक काळ्या, गोचिडीसारख्या किडी, असतील तर त्या एकाकडून दुसऱ्याकडे आजार नेतात असा संशय आहे, त्या आधी संपवा. पण गाभण फीमेल असलेल्या खोलीत झुरळाचा स्प्रे मारू नका.

मेलेलं वेत झालं की ती फीमेल आणि तो मेल दोघांना वेगळं करा, त्यांचे चिमटे, भांडी वेगळी, त्यांचं काम सगळ्यात शेवटी. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट येईपर्यंत एकही पिल्लू कुणाला देऊ नका, फुकट पण नाही.

१३. काही जिवंत आहेत, काही मेली. जिवंत राहिलेल्यांचं काय? एकाची पाठ वाकडी आहे.

पिशवी आणि बलकाचं प्रश्न ३ मध्ये आलंय. त्यानंतर प्रत्येकाला वेगळा डबा, ओला टिश्यू, पाणी, २८-३० डिग्री. पहिली कात साधारण एक ते दोन आठवड्यात पडते, तोपर्यंत खायला द्यायचं नाही, नंतर छोटा हॉपर उंदीर (नुकती लव आलेलं उंदराचं पिल्लू). अशा वेतातली वाचलेली पिल्लं पण कधीकधी पहिल्या पंधरा दिवसात जातात, त्याची मनाची तयारी ठेवा.

थोडा बाक असेल, खातंय, शी होतेय, तर ते जगतं, फक्त त्याचं ब्रीडिंग कधी करायचं नाही. कणा दोन-तीन ठिकाणी मुडपलाय, गिळता येत नाही, तर डॉक्टरकडून शांतपणे जीव संपवून घ्या. जिवंत पिल्लू फ्रीजरमध्ये ठेवणं दयेचं वाटतं पण ते हाल आहेत, करू नका.

१४. मोटले मोटले लावलं होतं, त्याच्यामुळे असेल का?

मोटले हा बोआचा एक रंगप्रकार. मेलेलं निघण्यामागे तेच असं नाही म्हणता येणार, पण मोटले दोन्ही बाजूनं आलं की होणारी सुपर मोटले पिल्लं सहसा मोठी होईपर्यंत टिकत नाहीत हे ब्रीडर लोकांना चांगलं माहीत आहे. म्हणजे जन्मली तरी पुढं जातात. अशी जोडी लावायचीच कशाला? मोटले हवं असेल तर साध्या बोआशी लावा, निम्मी पिल्लं मोटले येतात आणि जगतात.

१५. मेल कधी लावलाच नाही, एकटीच ठेवलीय, तरी स्लग आणि दोन पिल्लं निघाली. हे कसं?

दोन शक्यता. तुम्ही घेतली तेव्हा ती आधी लागलेली असेल, बोआ बीज साठवून ठेवू शकते. दुसरी म्हणजे मेलशिवाय झालेली पिल्लं. एका बोआनं दोन वेतांत २२ पिल्लं दिली, सगळ्या माद्या, आणि डीएनए तपासल्यावर कळलं की त्यांना बापच नाही, हा अभ्यास २०१०-११ चा आहे. अशा वेतात स्लग आणि मेलेली पिल्लं भरपूर निघतात, त्यात तुमची काही चूक नाही. जी जगली ती सांभाळा.

१६. घरचे म्हणतात सर्पदोष लागला, नागबळी करायला त्र्यंबकेश्वरला चला. काय करू?

आई-वडिलांच्या समाधानासाठी जायचं असेल तर जा, त्यावरून घरात भांडण नको. पण त्यांना एकदा बसवून मीटरवरचा आकडा दाखवा, की बघा दुपारी इथं ३८ झालं होतं. आमच्याकडची म्हातारी माणसं हे पटकन समजतात, कारण उन्हानं गाभण शेळी गाभडते हे त्यांनी बघितलेलं असतं. साप हा त्यांच्यासाठी देव, पण त्यालाही ऊन लागतं म्हटलं की पुढं तीच माणसं दुपारी मडक्यावर पाणी शिंपडायला येतात.

१७. मला खूप वाईट वाटतंय आणि लोक म्हणतात सापासाठी काय रडतो. मुलगी पण रोज विचारते.

वाईट वाटणारच. चार-पाच महिने रात्री उठून टेंपरेचर बघितलेलं असतं, पोट फुगताना बघितलेलं असतं. कुत्र्याचं पिल्लू गेलं तर शेजारी येऊन बसतात, सापाचं गेलं तर हसतात, त्यामुळे जास्त लागतं. ज्याला कळतं अशा एका माणसाशी बोला, बाकीच्यांना समजवायच्या भानगडीत पडू नका.

मुलीला खोटं सांगू नका. "पळून गेली" म्हटलं तर ती महिनाभर पलंगाखाली शोधत बसेल. पिल्लं पोटातच वारली, आईला बरं वाटायला वेळ लागेल, असं सरळ सांगा, पुरताना यायचं म्हणाली तर लांबून उभं राहू द्या. आणि आईचं पाणी बदलायचं काम तिला द्या, तुम्ही बाजूला उभे राहून, नंतर हात धुवून. पाचच्या आतली असेल तर हे काम नको (प्रश्न ११).

राग फीमेलवर काढून तिला लगेच विकून टाकणारे पण असतात. थोडं थांबा.

१८. पिल्लांची नोंद करावी लागते का? मेलेल्यांची पण?

बोआ परदेशी साप, सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला झालेल्या बदलानंतर अशा प्राण्यांची मालकी, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू हे सगळं नोंदवावं लागतं, त्याचे नियम २०२४ ला आले आणि अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होतो. आई-बापाचीच नोंद नसेल तर आधी वनविभागात जाऊन ते मिटवा, ब्रीडिंग नंतर. जिवंत जन्मलेल्यांची नोंद वेळेत करा, नंतर एखादं गेलं तर तेही कळवा. मेलेल्या जन्मलेल्यांचे तारखेसह फोटो, संख्या आणि पोस्टमॉर्टेमचा कागद फाइलला लावा आणि उपवनसंरक्षक कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. उद्या कुणी विचारलं की वीस पिल्लं झाली म्हणता मग पाचच कशी, तर उत्तर हातात असतं. अर्जेंटाइन बोआ असेल तर ती सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिचे नियम आणखी कडक.

१९. शेतात मांडूळ सापडलं, त्यानं मेलेली पिल्लं दिली. घरी ठेवून वाचवू का?

नाही. मांडूळ बोआच्याच कुळातलं असलं तरी आपलं रानातलं संरक्षित जनावर, घरी ठेवणं गुन्हा आहे, उद्देश कितीही चांगला असू दे. दुतोंड्या, गुप्तधन असल्या अफवांमुळे त्याची चोरटी विक्री होते, त्यामुळे तुमच्यावर संशय यायला वेळ लागत नाही. वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा, ते येईपर्यंत सावलीत, भोकं पाडलेल्या बादलीत माती घालून ठेवा, बस्स.

२०. परत मेल कधी लावू? आणि दुसऱ्यांदाही असंच झालं तर?

पुढच्या थंडीत लगेच नाही. एक पूर्ण वर्ष विश्रांती, वजन आधीच्याइतकं झालं आणि पाठ गोल भरली तरच विचार. लोक म्हणतात "यंदा नुकसान झालं, पुढच्या वर्षी भरून काढू", आणि थकलेल्या फीमेलला परत लावतात, मग तीच जाते.

मधल्या वर्षात कारण शोधा. उन्हाचं होतं तर खोली बदला. नात्यातली जोडी होती तर मेल बदला. रिपोर्टमध्ये आजार आला तर दोघांचंही ब्रीडिंग कायमचं बंद, विकायचं पण नाही, शेवटपर्यंत सांभाळायचं. काहीच सापडलं नाही तर एकदा वेगळा मेल आणि गार खोली देऊन बघायला हरकत नाही. दोन वेगळ्या मेलपासून, चांगल्या टेंपरेचरला, दोन्ही वेतं मेलेली निघाली तर तिसऱ्यांदा लावू नका. बोआ वीस-पंचवीस वर्षं जगते, पिल्लं दिली नाहीत तरी ती तुमच्याकडे तेवढीच सुखात राहील.